रिकाम्या हौद्याचं वजन

१

या गोष्टीतला क्रम मला बरोबर आठवतो, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आवाज आठवतात. आवाजांच्या बाबतीत माझी स्मृती अजून शाबूत आहे, निदान मला तसं वाटतं. 'निदान मला तसं वाटतं' हे शब्द मी आयुष्यभर इतके वापरले, की विद्यार्थी माझ्या तासाला 'बहुधा'चा तास म्हणत. मी कंपनशास्त्र शिकवत असे. पूल का थरथरतात, यंत्रं का गुणगुणतात, असलं काहीबाही. आमची ही म्हणते, की पिकअपचा प्रकार माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा. मी म्हणतो, नंतरचा. तिचं खरं असेल तर मी जे पाहिलं ते धूसर डोळ्यांनी पाहिलं, आणि मग सगळंच सोपं होतं. पण या घरात तिचं खरं नसतं असं क्वचितच होतं, आणि तरीही ते सोपं झालेलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही मुलीकडे राहायला गेलो. खाली जावयाचं गॅरेज, वर घर. मुलीला सगळे ठकी म्हणतात. खरं नाव तिचं तिलाच सहीपुरतं आठवतं. जावई माझाच विद्यार्थी, माझ्याच विषयात नापास झालेला. त्यामुळे तो मला अजूनही 'सर' म्हणतो, आणि ठकी त्याला लाडाने 'नापास' अशी हाक मारते. तो 'ओ' देतो.

ठकी एक दणकट, मोठ्या वजनाची पिकअप चालवायची. सकाळी गोदामातून फरशा भरायच्या, डोंगरावरच्या गावात नेऊन द्यायच्या आणि जेवायच्या वेळेला रिकामी गाडी घेऊन परत. मी वर खिडकीशी खुर्ची टाकून वाचत बसे. अंगणाच्या फाटकात सांडपाण्यावर एक लोखंडी जाळी होती. रिकामी पिकअप तिच्यावरून आली, की मागची चाकं उडत आणि 'खडाड्-खड' असा आवाज होई. भरलेली गाडी तिथे उडत नसे, ती फक्त 'धप्प' करी. मी पुस्तकातून मान न काढता "आली" म्हणायचो आणि ही ताटं घ्यायची. रोजचं आमचं असं चाले, आणि मला ते फार आवडायचं. मुलगी सुखरूप आली हे कानांनी आधी कळायचं.

एके दिवशी जाळीवर 'धप्प' झालं.

मी खिडकीतून विचारलं, की माल परत का आणलास. ठकीने वर पाहिलं, मग मागे माल भरायच्या हौद्यात पाहिलं.

"बाबा, दोरखंड आहे नुसतं," ती म्हणाली. "कानालाही चष्मा करून घ्या आता."

२

त्याच आठवड्यात कधीतरी ठकीनेही तक्रार केली. येताना मागून आवाज येतो. आधी 'कर्र', मग 'टक'.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. मागचे पाटे म्हणजे पोलादाच्या धनुष्यासारख्या पट्ट्या, एकीवर एक रचून मधोमध आवळलेल्या. मागचं सगळं वजन त्यांच्यावर. उतारावर त्यातली मुख्य पट्टी तुटली, तर मागची चाकं जोडणारा आस जागा सोडतो आणि गाडी स्वतःच्या मर्जीने वळते. डोंगराच्या त्या रस्त्याला एका बाजूने कडा होता आणि दुसऱ्या बाजूने काहीच नव्हतं. तिथून आमची मुलगी रोज एकटी येत होती, आणि आम्हाला ती एकच आहे.

जावयाने गाडी आत घेतली. तो म्हणाला, "सर, पाट्यांचा आवाज म्हणजे सासरची मंडळी. कोण बोललं ते कळत नाही, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो मी नाही." हे त्याने सासऱ्यासमोर म्हटलं, यावरून आमचे संबंध कळावेत.

त्याची पद्धत चांगली होती. एकेका संशयिताला धरायचं आणि सोडायचं. तो मागच्या बंपरवर उभा राहून उड्या मारी. मी खाली फळीवर आडवा होऊन लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका पट्टीला लावायचो आणि मूठ कानाला. पोलाद फार प्रामाणिक असतं, जिथे घासतं तिथेच मोठ्याने बोलतं. पट्ट्यांवर आम्ही पाणी ओतलं, कारण कोरड्या पट्ट्या करकरत असतील तर ओल्या झाल्यावर गप्प होतात. पट्ट्यांच्या टोकांमधल्या झिजलेल्या चकत्या बदलल्या. मागच्या टोकाला पाटे झुलतात त्या दुव्यातलं रबराचं बुश नवं घातलं. पाटे आसाला जखडणारे यू-बोल्ट आवळले, एक इकडचा, एक तिकडचा, असे आलटून पालटून. ही जिन्यात उभी राहून पाहत होती. जन्मभर पुलांखाली उभे राहिलात, आता गाडीखाली झोपा, एवढंच म्हणाली आणि मला डोक्याखाली घ्यायला जुनी उशी टाकली.

गॅरेजमध्ये गाडी गप्प, रस्त्यावर फेरी मारली तरी गप्प. डॉक्टरच्या दारात ताप उतरावा तशी. दुसऱ्या दिवशी ठकी आली आणि म्हणाली, जसाच्या तसा आहे.

मग मी तिला नीट विचारलं, विद्यार्थ्याला विचारावं तसं. चढताना येतो का? नाही. उतरताना लगेच येतो का? नाही. उताराच्या मधोमध एक बंद पडलेला नाका होता. तिथे ती रोज गाडी थांबवायची, कारण एवढ्या उतारावर ब्रेक तापतात आणि थोडा वेळ निवू द्यावे लागतात. आवाज त्या नाक्यानंतर येतो, ती म्हणाली.

"खरं म्हणजे नंतर नाही, बाबा. नाक्यावरच येतो. गाडी उभी असताना."

उभ्या गाडीचे पाटे वाजत नाहीत. वजन बदलल्याशिवाय पट्टी हलत नाही. जावई म्हणाला, पोलाद निवताना आवाज करतं. मीही मान हलवली, कारण ते शक्य होतं.

३

त्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर आणखी एकेक जाड पट्टी होती, मदतीचा पाटा. गाडी रिकामी असते तेव्हा तिला काही काम नसतं. तिची दोन्ही टोकं मोकळी, आणि त्यांच्या वर चार बोटं अंतरावर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसवलेले ठोकळे. हौदा भरला की चासी खाली येते, ठोकळे त्या टोकांवर टेकतात आणि जाड पट्टीही भार घेऊ लागते. टेकताना आवाज होतो, 'टक'.

आम्ही अंगणात पिकअपमध्ये फरशा रचत गेलो आणि ठकीला डोळे मिटून चालकाच्या जागी बसवलं. पट्ट्या एकमेकींवर सरकल्या, 'कर्र'. बरंच वजन चढलं, तेव्हा ठोकळा टेकला.

"हाच," ठकी म्हणाली.

म्हणजे आम्ही शोधत होतो तो बिघाडाचा आवाज नव्हताच. भरलेली, धडधाकट गाडी करते तोच आवाज होता. फक्त तो रिकाम्या गाडीत येत होता. जावई हसला, मग पान्याने मान खाजवू लागला.

खडूची कल्पना माझी. मी ठोकळ्यांच्या खालच्या अंगाला ओला खडू जाड थापला. रिकाम्या गाडीत टोक ठोकळ्याला टेकलं, तर ते पांढरं होईल. नाही टेकलं, तर आवाज दुसरीकडून. सोपा, स्वच्छ प्रयोग. पण जाताना गाडी भरलेली असते, तेव्हा टोकं टेकणारच. म्हणून ठकीने डोंगरावर माल उतरवल्यावर टोकं पुसायची आणि खडू नव्याने लावायचा असं ठरलं. ती म्हणाली, या वयात गृहपाठ. पण केला.

ती आली. जाळीवर 'धप्प'. मी चपला न घालताच खाली गेलो.

चालकाच्या बाजूच्या पट्टीची टोकं पांढरी होती, पुसट नव्हे, दाबून ठसा उठावा तशी. दुसऱ्या बाजूच्या टोकांना खडूचा कणही नव्हता.

"सर, ठकीचं वजन वाढलंय," जावई म्हणाला. तिने त्याला तेलकट फडकं फेकून मारलं. जेवताना हाच विषय होता. फुकट्या प्रवासी, तोही एका कडेला बसणारा. ही म्हणाली, रोज पाहुणा येत असेल तर आधी सांगत जा, ताट वाढवायला बरं. आम्ही खूप हसलो. मी पण हसलो.

पण जेवणानंतर मी कागद घेऊन बसलो. रस्त्याचा तिरकेपणा, चासीचा पीळ, वळणावर एका बाजूला जाणारा भार, सगळं धरून पाहिलं. कितीही ताणलं तरी चार बोटांचं अंतर मिटेना. आणि मनात एक गोष्ट आली, ती मी कुणाला सांगितली नाही. एका कडेला म्हणजे चालकाच्या मागे. ठकीच्या पाठीला लागून, मधे फक्त पत्रा.

४

म्हणून मी तिच्याबरोबर गेलो. ठकीने बिस्किटं, पाणी, माझा स्वेटर आणि माझी काळजी सगळं बरोबर घेतलं. जाताना ती शिट्टी वाजवत होती. फरशांनी भरलेली गाडी गुमान चढली. माल उतरवला, मी स्वतः टोकं पुसली, खडू लावला. हौद्यात दोरखंड आणि चार टोपल्यांएवढं ऊन.

नाका म्हणजे रस्त्याच्या कडेची एक खोली. काचा शाबूत, आत एक लांब बाक, भिंतीवर गेलेल्या घड्याळाचा गोल डाग. दाराला कुलूप नव्हतं, कारण आत चोरण्यासारखं काही नव्हतं. भर दुपार होती. कड्यावरून वारा येत होता आणि तापलेल्या ब्रेकचा वास. ठकीने चाकांना दगड लावले. ती तिच्या जागेवर बसून बिस्किटं खाऊ लागली आणि मी पोतं अंथरून मागे गाडीखाली शिरलो. मला आठवतं, की मला मजा वाटत होती. या वयात मुलीबरोबर डोंगरात, अंगाला ग्रीसचा वास.

चार बोटं अंतर. मी बोटं घालून पाहिलं, मग हात काढून घेतला.

मी पाहत होतो ते फक्त पाट्यांकडे. त्यामुळे आधी कानाला कळलं. 'कर्र.' अगदी हळू. कुणीतरी जाणतं माणूस दुसऱ्याच्या घरात पाय न वाजवता येतं, तसं. मागचा भाग बोटभर खाली आला.

"ठकी, तू वर चढलीस का?" मी विचारलं.

"नाही हो. इथेच आहे." आवाज पुढून आला, तोंडात बिस्किट.

हौद्याच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, मागून पुढे ओळीने. फरशांची भुकटी तिथे नेहमी साचलेली असते. मागच्या फाळक्याजवळच्या भोकातून थोडी भुकटी गळली. मग त्याच्या पुढच्या भोकातून. मग त्याच्याही पुढच्या. माझ्या छातीवरून, गळ्यावरून, ती पांढरी धार पुढे पुढे सरकत गेली आणि चालकाच्या बाजूला थांबली. तिथला ठोकळा खाली आला. मी तो येताना पाहिला. चार बोटं, तीन, दोन.

'टक.'

मी बाहेर आलो. कसा ते आठवत नाही. फाळक्याला धरून उभा राहिलो आणि हौद्यात पाहिलं. दोरखंड होतं. ऊन होतं. एका कोपऱ्यात, चालकाच्या मागे, ऊन जरा कमी होतं; पण माझ्या डोळ्यांबद्दल मी आधीच सांगितलं आहे.

मी पुढे येऊन ठकीशेजारी बसलो. तिने माझ्या केसांतली भुकटी झटकली आणि विचारलं, सापडलं का. मी म्हणालो, बहुधा.

सगळा उतार मी सरळ बसून होतो, पाठ टेकवली नाही. घरी जाळीवर 'धप्प' झालं. ठकी उतरली, ताटं वाढा म्हणत जिना चढली. मी बसून राहिलो. थोड्या वेळाने मागे 'कर्र' झालं आणि गाडी हलकेच वर आली.

५

मी जेवताना सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी घाबरलंही नाही. आमच्या घरात घाबरायचं काम माझ्याकडे आहे. ठकी म्हणाली, तुम्ही उन्हात गाडीखाली पडलात, बाबा. ते शक्य होतं. मी म्हणालो, त्या नाक्यावर थांबू नकोस. ती म्हणाली, मग ब्रेक जळतील आणि मी खरोखर दरीत जाईन. तेही खरं होतं. पुढे कुठे थांबावं तर रस्ता एवढा रुंद दुसरीकडे नव्हता.

मग जावयाने तोडगा काढला आणि आम्ही सगळ्यांनी त्याला मान डोलावली. मीसुद्धा. गाडी मागे दबते, तर एक पट्टी वाढवू. जास्त कडक पाटे, दबायचा प्रश्नच नाही. तो दिवसभर खपला. पट्ट्या मधोमध धरणारा जुना सेंटर बोल्ट कापला, दोन्ही बाजूंना नवी पट्टी घातली, लांब यू-बोल्ट बसवले. गाडी मागून ऐटीत उंच दिसू लागली. दुसऱ्या दिवशी ठकी आली ती हसतच. नाक्यावर काही नाही, 'कर्र' नाही, 'टक' नाही. जाळीवर 'खडाड्-खड'. हिने गोड केलं. जावयाला पहिल्यांदाच माझ्या विषयात पास झाल्यासारखं वाटलं, असं तो म्हणाला.

मी खिडकीशी बसून राहिलो, पुस्तक मांडीवर. काहीतरी चुकत होतं आणि ते कळायला मला, एवढं शिकून, आठवडा लागला. आम्ही पाटे कडक केले होते. येणारं थांबवलं नव्हतं. पूर्वी निदान कळत तरी होतं, आता तो प्रवासी चढला, उतरला, काही कळायचं नाही. आणि आणखी एक गोष्ट होती. चढताना गाडी फरशांनी भरलेली असे आणि तिचा आवाज कधी बदलला नव्हता. तो रोज खाली येत होता, पण आमच्याबरोबर परत वर जात नव्हता. एक तर तो पायी जात असेल, नाहीतर रोज नवा येत असेल.

मी खाली गेलो आणि जावयाला म्हणालो, "ती पट्टी काढ. आवाज परत आण."

त्याने पाना खाली ठेवला. "सर, लोक आवाज घालवायला येतात. परत आणायला आलेले तुम्ही पहिलेच."

"ठकीच्या पाठीमागे कोण बसलंय ते मला ऐकू यायला हवं."

त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. कदाचित गेलंही असेल. पण त्याने मुकाट्याने गाडी उचलली आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढल्या. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला फाटकात 'धप्प' झालं. मी पुस्तकातून मान न काढता म्हणालो, "आली." मग आणखी थोडं थांबलो, 'कर्र' ऐकलं, आणि जेवायला उठलो. ठकी सुखरूप होती. ती रोजच सुखरूप यायची. ज्याची एवढी चौकशी केली त्याची हळूहळू सवय होते. ही तर कधीकधी विचारायची, आली का दोघंही.

६

पुढे डोंगरातून बोगदा झाला. ठकीने फरशांचं काम सोडून गावातच दुकान घातलं, पिकअप विकली आणि एक छोटी मोटार घेतली. या मोटारीला पाटे नाहीत, गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. त्यांना बोलता येत नाही. जुनी पिकअप घेणाऱ्या माणसाला मी मुद्दाम भेटलो. तो अजून जुन्याच रस्त्याने जायचा, त्याच नाक्यावर ब्रेक निववायचा. आवाज? तसला काही आवाज नाही, तो म्हणाला. मला फार हलकं वाटलं. जे होतं ते मागे राहिलं, किंवा संपलं, किंवा नव्हतंच. तिन्ही शक्यता मला पसंत होत्या. त्यानंतरची काही वर्षं मी चांगली झोपलो.

परवा ठकीच्या मोटारीला टायर बसवायला मी गेलो होतो. टायरवाला बोलका. म्हणाला, काका, बाकी सगळे टायर ठीक आहेत, मागचा एक तेवढा लवकर झिजतो. चालकाच्या बाजूचा. तिथे नेहमी कोण बसतं?

मी म्हणालो, कोणी नाही. ती एकटी असते, आणि मी असलो तर पुढे बसतो.

"मग ताई त्याच चाकात जास्त हवा का भरून घेतात?" त्याने विचारलं. "गाडी घेतल्यापासून. स्वतः सांगतात, त्यात जरा जास्त घाला."

मी ठकीला काही विचारलं नाही. ती सकाळी शिट्टी वाजवत दुकानात जाते, शिट्टी वाजवत येते. तिला काय माहीत आहे आणि कधीपासून, हे विचारायचं मला धैर्य नाही. आणि ती खूश आहे. पण प्रयोग करायची खोड जात नाही. ती जिना चढून गेल्यावर मी रिकाम्या मोटारीपाशी आलो आणि जावयाच्या मापकाने चारही चाकांतली हवा मोजली. तीन चाकांत सारखी होती. चालकाच्या मागच्या चौथ्यात बरीच जास्त. म्हणजे ती बाजू किंचित उचललेली असायला हवी होती.

मागच्या बंपरवर मी पाणसळ आडवी ठेवली. दोनदा ठेवली, टोकं फिरवून. बुडबुडा दोन्ही वेळा बरोबर मधोमध होता.